बदकाचा गुडघा

बदकाच्या पायात जो सांधा आपल्याला मागच्या बाजूला वाकलेला दिसतो तो त्याचा गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर असतो, पोटाला चिकटून, पिसांच्या आत, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. म्हणजे बदक काय, कोंबडी काय, बगळा काय, सगळे पक्षी जन्मभर चवड्यांवर उभे असतात, टाच उंच धरून.

हे मला सांगितलं ते एका सरकारी पशुवैद्यांनी. वाडीत गुरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला ते आले होते आणि त्या क्षणी त्यांच्या डाव्या तळहातावर आमचं सोळा-सतरा दिवसांचं बदकाचं पिल्लू उताणं होतं. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे तंगडीचं जे टोक हातात धरून आपण खातो तो घोटा?’’

‘‘बरोब्बर. आणि मांसाचा गोळा आहे ती पोटरी. हिचं हाड तिथेच मोडलंय, मध्यावर.’’

सासूबाईंनी मान हलवली. साठ वर्षांत त्यांनी किती कोंबड्या सोलल्या, कापल्या असतील याची गणती नाही. कुठे सुरी घातली की सांधा आवाज न करता सुटतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. नकाशा पाठच होता, गावांची नावं तेवढी त्या दिवशी कळली.

आमच्याकडे, म्हणजे काजळी नदी भाट्याच्या खाडीला मिळते त्या अंगाला, घरटी कोंबड्या असतात. बदकं क्वचित. बदकांचा मुलूख म्हणजे बंगाल, आसाम, केरळातलं कुट्टनाड. कुट्टनाडात भातकापणी झाली की बदकांचे कळप रिकाम्या खाचरांत सोडतात. सांडलेलं भात, गोगलगाई, किडे टिपत ते एका शेतातून दुसऱ्या शेतात हाकले जातात. आमच्याकडेही भात आहे, आणि गोगलगाई तर पावसाळ्यात चपलेत सापडतात. पण जांभ्याच्या उतारावर पाणी ठरत नाही. पावसाळ्यात चार महिने धो धो, आणि मग पऱ्ये आटत जातात. बदकं ठेवायची तर विहिरीचं पाणी काढून घालायचं, आणि एवढा खटाटोप कोण करतो?

आम्ही केला, कारण सासूबाईंना डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करायचा नव्हता आणि त्यांना अंगणात फिरायला काहीतरी निमित्त हवं होतं. मार्चमध्ये आठवडा बाजारात एक माणूस टोपलीत पिल्लं घेऊन बसला होता. ‘खाकी कॅम्पबेल’ म्हणाला, ८० रुपयांना एक. सहा घेतली.

या जातीची कुळकथा गमतीची आहे. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमध्ये उली नावाच्या गावी ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती तयार केली. त्यासाठी त्यांनी जास्त अंडी देणारी ‘इंडियन रनर’ मादी निवडली. या इंडियन रनरचा इंडियाशी संबंध नावापुरताच, ती मूळची जावा-लोंबोककडची. पुढे जो रंग निघाला तो ब्रिटिश शिपायांच्या गणवेशासारखा, म्हणून खाकी. आणि खाकी हा शब्द आपल्याकडचा, ‘खाक’ म्हणजे धूळ, राख यावरून आलेला. म्हणजे पक्षी जावाचा, नाव हिंदुस्थानचं, शब्द फारसी, कॅम्पबेलबाई इंग्लिश, आणि बाजार रत्नागिरीचा.

पिल्लांना नावं ठेवली नाहीत. सासूबाईंचा नियम आहे : जे उद्या ताटात येऊ शकतं त्याला नाव ठेवू नये. मराठीत ‘नाव ठेवणं’चे दोन अर्थ आहेत आणि त्यांच्या मते दोन्ही एकदम होतात. ज्याला नाव ठेवलं ते नीट शिजत नाही, मग लोक स्वयंपाकाला नावं ठेवतात.

*

पाय मोडला तो जाळ्यात. शेजारच्या काकूंनी चवळीच्या वाफ्याला कोंबड्यांपासून आडोसा म्हणून मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं लावलं आहे. किनाऱ्यावरच्या गावांत ही पद्धत सगळीकडे आहे. होडीवरून उतरलेलं जाळं वाया जात नाही. विहिरीवर पातेरा पडू नये म्हणून, गवताच्या उडवीवर, परसात कुंपण म्हणून, ते कुठेही दिसतं. पिल्लू गडग्याच्या फटीतून पलीकडे गेलं, त्याचा पाय जाळ्याच्या डोळ्यात शिरला, आणि घाबरून ते स्वतःभोवती फिरत राहिलं. प्रत्येक फेरीला पीळ वाढत गेला. आवाज ऐकून काकूंनीच विळीने जाळं कापलं आणि पदरात घालून त्याला आणून दिलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. चवळीचे दोन जुडगे त्या पिल्लाबरोबरच ठेवून गेल्या.

पूर्वी जाळी सुताची, तागाची असत. ती वाळवावी लागत, रंगवावी लागत, आणि शेवटी कुजत. नायलॉन कुजत नाही. तो त्याचा गुण म्हणूनच घेतला गेला, आणि त्या गुणाचीच शिक्षा समुद्रातले प्राणी भोगतात. समुद्रात तुटून राहिलेलं जाळं मासे पकडायचं थांबवत नाही, फक्त ते ओढायला कोणी नसतं. आमच्या जिल्ह्यात वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडीच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ सालापासून त्यांच्या घरट्यांचं काम उभं केलं आणि आता लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याहून येतात. पण याच कोकण किनाऱ्यावर जाळ्यात अडकून पुढचा वल्ह्यासारखा पाय गमावलेली कासवंही वाहून येतात. अडकलेलं जनावर सुटण्यासाठी जे करतं, म्हणजे ओढतं आणि गोल फिरतं, त्याने गाठ आवळत जाते. परसातली अडीचशे ग्रॅमची गोष्ट आणि समुद्रातली तीस-चाळीस किलोची गोष्ट एकाच दोऱ्याने घडते.

शहरातल्या एका खासगी दवाखान्यात आधी गेले. मारुती मंदिरापर्यंत रिक्षा, मग पुढे चालत, पिल्लू कापडी पिशवीत. तिथे सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरं बघतो, पक्षी नाही. त्यात त्यांचंही फार चुकलं असं नाही. पक्ष्यांचं औषधशास्त्र वेगळं आहे आणि पशुवैद्यकात पक्षी शिकवले जातात ते बहुतेक कोंबडीचा व्यवसाय म्हणून. हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकाचा पाय मोडला तर उपचार करत नाहीत, त्याला बाजूला काढतात. एका पक्ष्यावर इलाज ही हौशी लोकांची गरज, आणि तसे हौशी लोक अजून गावोगाव निर्माण व्हायचे आहेत. रिक्षाचे जाऊन-येऊन पैसे पिल्लाच्या किमतीच्या दुप्पट झाले. नवरा काही बोलला नाही, पण हिशेब सगळ्यांच्याच डोक्यात झाला.

दुसऱ्या दिवशी ते लसवाले डॉक्टर आले.

*

पोटरीचं हाड मोडलं की बांधायचं कसं याचा नियम माणसालाही तोच आणि पक्ष्यालाही तोच : मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर झाले पाहिजेत. बदकात खालचा सांधा, म्हणजे घोटा, बांधता येतो. वरचा, म्हणजे तो पिसांत लपलेला गुडघा, पोटाच्या इतका जवळ की त्याला पट्टी धरत नाही. ‘‘त्यामुळे हाड सांधेल,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘पण सरळ सांधेल असं मी लिहून देत नाही.’’

त्यांनी चिव्याच्या काठीची कामटी मागितली. नवऱ्याने ती कोयत्याने तासून, काचेने घासून गुळगुळीत करून दिली. आधी कापसाचा थर, मग कामटी, मग कागदी चिकटपट्टी. पाय ताठ न करता, बसलेल्या बदकाचा असतो तसा किंचित दुमडून बांधला. बोटांकडे लक्ष ठेवायला सांगितलं : पडदा कोमट लागला पाहिजे, सुजता कामा नये, काळसर पडता कामा नये. आणि दर तीन-चार दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधायची, कारण या वयात पाय रोज जाड होत असतो. घट्ट राहिलेली पट्टी आणि ते जाळं यांत फरक राहत नाही.

औषधाच्या बाबतीत एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. घरातली दुखण्याची गोळी फोडून द्यायची नाही, मलमही चोळायचं नाही. माणसांच्या गुडघेदुखीवर सर्रास वापरलं जाणारं डायक्लोफेनॅक गुरांनाही टोचलं जायचं, आणि अशा मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. नव्वदच्या दशकापासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त गेली. कारण कळल्यावर २००६ साली गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली आणि पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं, जे गिधाडांना बाधत नाही असं तपासून पाहिलेलं होतं. आमच्या पिल्लाला मिळालं ते त्याच औषधाचे मोजून थेंब, चार दिवस. सासूबाई म्हणाल्या, लहानपणी मेलेलं ढोर सड्यावर टाकलं की तासाभरात आभाळ भरायचं. आता ढोर पडून राहतं, कुत्री ओढतात. आमच्या घरात गुडघ्याला लावायची ती नळी आजही फडताळात आहे. मी ती बघते तेव्हा आता आधी पक्षी आठवतात.

दवाखाना म्हणून आंब्याची पेटी घेतली. सीझन तोंडावर आला होता, लाकडी पेट्या खळ्यात रचलेल्या होत्या. तळाला वर्तमानपत्र घालायचं नाही, कारण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि फाकलेले पाय तसेच राहू शकतात. म्हणून किंतान अंथरलं, वर थोडा पेंढा. पाण्याची वाटी अशी खोल की पिल्लाची चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पण ते स्वतः आत पडणार नाही. बदकाला घास पाण्याबरोबर गिळावा लागतो आणि नाकपुड्याही पाण्यातच धुवाव्या लागतात. कोरड्या खाद्यावर ते गुदमरतं. पेटी पडवीत ठेवली, स्वयंपाकघरात नाही, आणि हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ साली आपल्याच नवापुरात, आणि बदकं तर स्वतः फारशी आजारी न दिसता तो विषाणू बाळगू शकतात. माया वेगळी आणि शिस्त वेगळी, हे डॉक्टरांचं वाक्य.

*

सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं आणि पिल्लू मात्र उतरत होतं.

रोज सकाळी मी त्याचं वजन करत होते, रव्या-साखरेसाठी आणलेला काटा वापरून, वर एक जुनं पातेलं ठेवून. पाय मोडला त्या दिवशी २५२ ग्रॅम. मग २४९. मग २४१. मग २३४. बाहेरची पाच त्याच काळात साडेतीनशेच्या पुढे गेली होती. पट्टी ठीक होती, बोटं कोमट होती, खाद्य समोर होतं. पिल्लू कोपऱ्याकडे तोंड करून बसायचं आणि अंगणातून बाकीच्यांचा आवाज आला की मान ताणून ओरडायचं. ते ओरडणं सूर लावून चालू राहायचं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग थकून थांबायचं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘वजन उतरतंय, खात नाही, म्हणजे एकतर दुखतंय किंवा त्याने सोडून दिलंय. आणखी दोन दिवस बघा. नाहीतर त्याला मोकळं करा.’’

मोकळं करा. हा शब्द घरात दोन दिवस फिरत राहिला. आंब्याचे दिवस होते. पहाटे पाचला झाडावर माणसं चढत, मग निवड, पेंढा, पेट्या, टेम्पो. दर तीन तासांनी एका पिल्लाला ड्रॉपरने पाणी पाजणं हे त्या घरातल्या कुणाच्याच वेळेत बसत नव्हतं. आणि म्हणूनच मला त्या शब्दाची भीती वाटली. त्याची सुटका आणि आमची सुटका एकाच कृतीने होणार होती. अशा वेळी आपण कुणाच्या सुटकेसाठी हात उचलतो आहोत हे आपलं आपल्याला तरी कळतं का? दयेला पुरावा लागत नाही, ही तिची मोठी सोय आहे आणि तीच तिच्यातली खोट.

रात्री सासूबाई पडवीत आल्या. म्हणाल्या, ‘‘करायचं झालं तर मी करीन. तुला जमायचं नाही, उगाच त्याला त्रास व्हायचा. एका झटक्यात झालं पाहिजे.’’ मग पेटीजवळ बसल्या. ‘‘पण आज नाही गो. त्याच्यापुढे दुसरं आणून टाक. दुसऱ्याच्या तोंडचं ओढतंय का बघू. जे ओढतं ते जगतं. जे बघत बसतं त्याला ठेवण्यात अर्थ नाही.’’

हा त्यांचा निकष. चार पिढ्यांच्या कोंबड्यांवर पारखलेला, कुठे लिहिलेला नाही. डॉक्टरांचा निकष वजनाचा होता, माझा बहुधा माझ्या मनाचा होता. त्यांचा निकष पिल्लाला विचारणारा होता.

बाहेरच्यांतलं सगळ्यांत बारकं पिल्लू आणून पेटीत सोडलं. आधी दोघं एकमेकांपासून लांब बसली. मग त्या बारक्याने वाटीत चोच घातली, भिजवलेल्या खाद्याचा चिखल चोचीत घेऊन मान झटकली, आणि लंगड्याने बसल्या जागेवरून मान लांब करून त्याच्या चोचीला लागलेलं ओढलं.

सासूबाई उठल्या. ‘‘झालं. झोप आता,’’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

सकाळी वजन २३९ होतं.

*

पक्ष्यांच्या पिल्लांमध्ये छाप पडण्याची जी प्रक्रिया असते ती कोनराड लोरेन्झ यांच्या हंसांमुळे सगळ्यांना माहीत असते. अंड्यातून बाहेर पडल्यावर जे हलतं-बोलतं दिसेल त्याच्या मागे पिल्लू जातं, मग तो दाढीवाला माणूस का असेना. एकहार्ड हेस यांनी रानबदकांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की ही छाप सगळ्यांत पक्की पडते ती जन्मानंतर साधारण १३ ते १६ तासांच्या दरम्यान. त्या वेळी जो असेल तो आपला. लोरेन्झ यांना १९७३ साली नोबेल मिळालं आणि पाणवठ्यात पोहणाऱ्या त्यांच्या मागे रांगेत निघालेल्या पिल्लांचे फोटो जगभर गेले. ते पाहून वाटतं की पिल्लाला आई बनणारा माणूस पुरतो.

आमची पिल्लं टोपलीतून आली होती. त्याआधी बहुधा यंत्रातून. त्यांच्या त्या तासांत कुणी दाढीवाला नव्हता की बदकीण नव्हती. होती ती आजूबाजूची, तितकीच ओली, तितकीच गोंधळलेली पिल्लं. त्यांची छाप एकमेकांवर पडली होती. मी कितीही वेळ पेटीशेजारी बसले तरी त्या ओरडण्याचं उत्तर मी नव्हते. ते कळल्यावर मला थोडं हलकंच वाटलं. प्रेमाने काही बिघडलं नव्हतं, फक्त ते चुकीच्या पत्त्यावर मागितलं जात नव्हतं.

अन्नही बदललं. आमच्याकडे पिल्लांना कण्या घालायची रीत आहे. डॉक्टरांनी कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य आणायला सांगितलं, पण तेवढ्यावर बदकाचं भागत नाही म्हणाले. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, जास्त लागतं. त्याच्या खाद्यात किलोमागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास असावं लागतं, कोंबडीच्या पिल्लाला ३५ पुरतं. कमी पडलं की घोटे सुजतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. एक पाय बांधलेला असताना सगळा भार दुसऱ्यावर, त्यामुळे तो दुसरा पाय टिकवणं हीच खरी लढाई होती. यीस्टची पावडर मेडिकलमध्ये मिळाली. शिवाय उकडलेल्या तारलीचा काटे काढलेला चुरा. सुकट नाही, कारण तिच्यातलं मीठ एवढ्या जिवाला झेपत नाही.

पक्ष्याचे पाय आणि तांदूळ यांचं नातं त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जावात उलगडलं होतं. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले. आणि काही महिन्यांनी अचानक बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा, पॉलिश केलेला भात घातला जात होता. मग आचारी बदलला, आणि लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नव्या आचाऱ्याने नकार दिला. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. कोंड्यात जे होतं ते पुढे ब-१ म्हणून ओळखलं गेलं. आइकमानला १९२९ साली नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्या आचाऱ्याचा उल्लेख होतो तो त्याच्या अडेलपणासाठी. जीवनसत्त्वांची सगळी विद्या लंगड्या कोंबड्यांपासून सुरू झाली असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणून तर आम्ही उकडा तांदूळ खायचो.’’ भात उकडून मग भरडला की कोंड्यातलं सत्त्व दाण्यात मुरतं, हे खरंच आहे, आणि उकडा खाणाऱ्यांत बेरीबेरी कमी असे. त्यांना ब-१ माहीत नव्हतं. सकाळी उकड्याची पेज प्यायली की दुपारपर्यंत नांगरामागे पाय चालतात एवढं माहीत होतं.

*

पट्टी निघाली ती तेविसाव्या दिवशी. कोवळी हाडं भराभर सांधतात. मोडीच्या जागी बोटाला गाठीसारखा फुगवटा लागत होता, ते नवं हाड. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, पक्कं आहे. पण पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, त्यांनी लिहून दिलं नव्हतं तसंच.

मग पाण्याचे धडे. न्हाणीघरातल्या घमेल्यात कोमट पाणी, पाय तळाला जेमतेम टेकेल इतकंच. पाण्यात शरीराचा भार उरत नाही, आणि भार नसला की पाय आपोआप वल्हवू लागतो. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा. आईच्या पोटाखाली वाढलेल्या पिल्लाच्या लवेला तिच्या पिसांचं तेल लागतं, यंत्रातल्या पिल्लाला ते नसतं. लव भिजते, पिल्लू गारठतं, कधी बुडतंही. म्हणून प्रत्येक वेळी पंच्यात गुंडाळून कोरडं करायचं आणि उन्हाच्या तिरपेत बसवायचं. शेजारी ते बारकं असायचंच. त्याला काहीही झालेलं नसताना त्याचाही व्यायाम झाला.

मे महिन्यात लंगड्याला बाकीच्यांत सोडलं. पहिले दोन दिवस त्यांनी त्याला चोची मारल्या. कळप परतलेल्याची चौकशी अशीच करतो. तिसऱ्या दिवशी ते रांगेत होतं, सगळ्यांत शेवटी, दर चार पावलांना एक पाऊल चुकवत. आवाज फुटला तसं कळलं की ती मादी आहे. बदकांमध्ये मोठ्याने ‘क्वॅक’ करतात त्या माद्या, नर घोगरे असतात. तोवर सगळे तिला ‘लंगडी’ म्हणू लागले होते, सासूबाईसुद्धा. म्हणजे नाव पडलंच. त्या म्हणाल्या, ‘‘हे नाव नाही, ओळख आहे.’’ पण ऑगस्टमध्ये पाव्हणे आले आणि दोन बदकं कापायचं ठरलं तेव्हा त्यांनी दोन नर निवडून दिले, आणि तिच्याकडे कुणी पाहिलंदेखील नाही. त्या दुपारी मी जेवले. ज्या घरात एका पिल्लाच्या पायाला तेवीस दिवस पट्टी बांधली त्याच घरात त्याच्या भावांचा रस्सा झाला, आणि मला हे दोन्ही एकमेकांना खोटं पाडणारे वाटत नाहीत. दुखणं आणि मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोंबडी-बदकं पाळणाऱ्या बायका हा फरक रोज हाताने करत असतात. ज्याला जगवायचं त्याला दुखू द्यायचं नाही. ज्याला मारायचं त्यालाही नाही.

मिरगानंतर मळ्यांत पाणी उभं राहिलं. लावणीच्या आधी नांगरून ठेवलेल्या चिखलात बदकं पहिल्यांदा शिरली तेव्हा मी बांधावर उभी होते. पाण्यावर सहाही सारखी दिसत होती. कोणता पाय वाकडा ते पाण्याखाली होतं. मी मोजत होते आणि तिला ओळखू शकत नव्हते. शेवटी कोरड्यावर चढताना कळलं, जी अडखळली ती ती.

मोठ्या खुराड्याचं दार सासूबाई रोज सहाच्या सुमारास लावतात. मुंगसं अंधार पडायची वाट बघत नाहीत, त्यामुळे उशीर चालत नाही. आता चार बदकं उरली आहेत. तीन एका दमात आत शिरतात. मग मधे थोडा वेळ जातो, एका हाताने गडग्याला धरून, दुसऱ्याने दार उघडं ठेवून त्या उभ्या असतात. त्यांचेही गुडघे दुखतात, आणि एवढा वेळ उभं राहायला त्यांना एरवी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं.